गरीब मांजर

मागच्या महिन्यात मुलाचा फोन आला. पाऊस, पाणीकपात, माझे गुडघे असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "आई, आम्ही मांजर आणायचं म्हणतोय, मुलींसाठी. तू एवढं वाचत बसतेस, तर जरा बघून सांग ना, कुठल्या जातीचं मांजर शांत असतं?"

मी म्हटलं, मांजराला कसली रे जात? मांजर ते मांजर. काळं, पांढरं, नाहीतर वाघासारखं पट्टेरी. एवढ्यात मागून सूनबाईचा आवाज आला, "आई, गरीब मांजर हवं. ओरबाडणारं नको."

गरीब! आपल्या मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. गाय गरीब असते, मुलगी गरीब स्वभावाची असते, त्याचा पैशाशी काही संबंध नसतो. पण ही गरीब मांजरं विकत घ्यायला गेलं तर किंमत माझ्या पहिल्या वर्षभराच्या पगाराच्या कितीतरी पट निघते. दुकानदारानं सुनेला पर्शियन सांगितलं होतं, ऑफिसातल्या कुणी रॅगडॉल सांगितलं होतं. मोठी नात नऊ वर्षांची, अबोल, आपल्यातच असणारी. धाकटी चार वर्षांची म्हणजे चालतं बोलतं वादळ. म्हणजे मांजराला दोन्ही सांभाळून घ्यायचं आहे. काम सोपं नाही.

बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की तो मुळापासून उकरायचा ही वाईट खोड. (ह्यांना त्याचा फार ताप व्हायचा. भाजी आणायला पाठवलं तरी मी बटाटा कुठून आला ते सांगायची.) तर आठ-दहा दिवस नातीच्या जुन्या टॅबवर वाचत बसले. जे सापडलं ते मुलाला फोनवर सांगितलंच, पण तो मध्येच "हं, हं" करतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट कळली ती ही की मांजर माणसानं पाळलंच नाही. ते आपणहून आलं. शेती सुरू झाली, कोठारं भरली, कोठारांत उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. 2007 साली जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जगभरची घरमांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराची वंशज निघाली. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय. त्यात माणसाच्या शेजारी, अगदी थोड्या अंतरावर मांजर पुरलेलं आहे. बेटावर रानमांजरं मुळात नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीत घालून नेलं असणार. नऊ हजार वर्षांपूर्वी समुद्रातून मांजर घेऊन जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याला एस.टी.तून न्यायचं म्हटलं तरी घाम फुटतो.

कुत्र्याचं तसं नाही. कुत्र्याला माणसानं कामं लावली. मेंढ्या राखणारा वेगळा, शिकारीचा वेगळा, दारावरचा वेगळा. कामाला लागेल तसा स्वभाव निवडत निवडत शेकडो वर्षांत जाती तयार झाल्या. मांजराला काम एकच, आणि ते त्याला उपजतच येत होतं. त्यामुळे हजारो वर्षं कुणी मांजराचा स्वभाव घडवायच्या फंदात पडलं नाही. आज ज्यांना आपण मांजराच्या जाती म्हणतो त्यांतल्या बहुतेकींचं वय जेमतेम दीडशे वर्षं आहे, काहींचं तर माझ्याहून कमी.

याची सुरुवात झाली लंडनमध्ये, 13 जुलै 1871 रोजी. क्रिस्टल पॅलेस नावाच्या त्या प्रचंड काचघरात मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. भरवणारा माणूस हॅरिसन वेअर. धंद्यानं चित्रकार, पुस्तकांसाठी पशुपक्ष्यांची चित्रं काढायचा. इंग्लंडात तोवर मांजर म्हणजे स्वयंपाकघरातला उंदीर मारणारा नोकर. त्याचं सौंदर्य लोकांनी बघावं एवढाच वेअरचा हेतू होता. पुढे 1889 साली त्यानं मांजरांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात त्या सकाळचं वर्णन आहे. गाडीत बसून जाताना ह्या गृहस्थाचा जीव खालीवर होत होता. मांजरं कशी वागतील? भांडतील, ओरडतील, सुटायला धडपडतील? आणि जाऊन बघतो तो सगळी आपापल्या पिंजऱ्यात लाल गाद्यांवर पहुडलेली, मधूनच गुरगुर करत. हे वाचून मला फार हसू आलं. आमच्या सूनबाईची काळजी आणि वेअरसाहेबांची काळजी एकच!

पण पुढे जे झालं ते महत्त्वाचं आहे. प्रदर्शन म्हटलं की बक्षीस आलं, बक्षीस म्हटलं की गुण द्यायचे तक्ते आले. हे आम्हा मास्तर लोकांना चांगलं माहीत असतं. एकदा गुणांचा तक्ता केला की तक्त्यात जे असेल तेच पोरं करतात. वेअरनं केलेल्या तक्त्यांत डोकं, कान, डोळे, केस, रंग, शेपटी यांना गुण होते. लहान मुलानं शेपटी ओढली तर मांजर काय करतं याला गुण नव्हते. मग पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडलं ते रूप. स्वभाव जो काय आला तो बरोबर आला. वेअर नॅशनल कॅट क्लबचा पहिला अध्यक्ष, पण त्यानं पुढे ते पद सोडलं. सभासदांना मांजरांपेक्षा बक्षिसं जास्त प्यारी आहेत, अशी त्याची खंत होती.

आता पर्शियन. दुकानदाराचं लाडकं मांजर. ह्या जातीच्या कथेत एक माणूस मला भेटला आणि दोन दिवस मी मांजर विसरून त्याच्याच मागे होते. पिएत्रो देल्ला व्हाल्ले. रोमचा खानदानी प्रवासी. 1620 साली इराणात इस्फहानला असताना पत्रात तो खोरासानच्या मांजरांविषयी लिहितो. करडी, रेशमासारख्या लांब केसांची, खारीसारखी झुपकेदार शेपटी पाठीवर टाकणारी. ती त्याला इतकी आवडली की चार जोड्या इटलीला न्यायचा त्यानं बेत केला. आणि पोर्तुगीज लोक अशी मांजरं हिंदुस्थानात घेऊन जातात असंही त्याच संदर्भात येतं. म्हणजे आपल्याकडे झुपकेदार मांजर आजच्या दुकानदारांनी आणलं असं समजू नका, चारशे वर्षं झाली त्याला!

हाच देल्ला व्हाल्ले पुढे 1623 साली स्वतः सुरतेला उतरला, गोव्यात राहिला, खाली इक्केरी-कालिकतपर्यंत गेला. ह्या सगळ्या प्रवासात त्याच्या सामानात एक शवपेटी होती. बगदादला त्यानं मानी नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. ती 1621 च्या अखेरीस इराणात वारली. तिचा देह मसाल्यांत जपून त्यानं गोवा करून शेवटी 1626 साली रोमला नेला आणि आपल्या घराण्याच्या जागेत पुरला. मांजराच्या लेखात हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मला ते सोडवेना. असो.

गंमत अशी की आजचं पर्शियन मांजर आणि देल्ला व्हाल्लेची खोरासानी मांजरं यांचं नातं नावापुरतंच दिसतं. 2008 मध्ये जातींच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा पर्शियन बसलं पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या शेजारी. इराणच्या नव्हे. आणि ते चपटं, आत गेलेलं नाक तर पार अलीकडचं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनांसाठी वाढवत नेलेलं. जुन्या चित्रांतल्या पर्शियनला चांगलं सरळ नाक आहे. हे मांजर शांत असतं हे खरं. बसवलं तिथे बसतं. पण नाक आत गेल्यामुळे डोळ्यांतून पाणी, श्वासाला त्रास, उन्हात धाप. शिवाय मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग ह्या जातीत मोठ्या प्रमाणावर आहे. त्याचं जनुक 2004 साली सापडलं. रोज विंचरायचं ते वेगळंच. मला आपलं वाटून गेलं, ज्याला धाप लागते ते शांत बसणारच. शाळेतही मी असे 'शांत' विद्यार्थी पाहिले आहेत. पुढे कळायचं की पोर सकाळपासून उपाशी होतं.

रॅगडॉलची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. रॅगडॉल म्हणजे आपली चिंधीची बाहुली. उचललं की अंग सैल सोडून हातावर लोंबतं, म्हणून हे नाव. ही जात 1960 च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात ॲन बेकर नावाच्या बाईंनी तयार केली. तिची मूळ माता म्हणजे शेजारणीकडची एक पांढरी, लांब केसांची, अर्धी रानटी मांजरी, नाव जोसेफिन. तिला एकदा मोटारीचा धक्का बसला. शुश्रूषा होऊन ती वाचली. बेकरबाईंचं म्हणणं असं की अपघाताआधीची तिची पिल्लं रानटी होती आणि नंतरची लोण्यासारखी मऊ. त्यांनी ती पिल्लं घेतली, आपापसांत जुळवली, आणि जात उभी केली.

बाईंनी 1971 मध्ये स्वतःची संघटना काढली, नावाचा ट्रेडमार्क घेतला, पिल्लं विकणाऱ्यांकडून रॉयल्टी मागितली. आणि दिवसेंदिवस त्यांच्या गोष्टी वाढत गेल्या. अपघातामुळे ह्या मांजरांना वेदना होत नाहीत, ह्यांत माणसाची जनुकं घातली आहेत, पुढे तर परग्रहावरच्या लोकांशीही संबंध लागला. 1975 च्या सुमारास डेटन नावाचं एक नवराबायको जोडपं त्यांच्यापासून वेगळं झालं. त्यांनी नीट नोंदी ठेवून ही जात मोठ्या संघटनांकडून मान्य करून घेण्याचं काम चालवलं. 1990 च्या दशकात आणखी एक गट फुटला, त्यांना ते नाव वापरता येईना म्हणून त्यांनी आपल्या मांजरांना रॅगामफिन म्हटलं. आपल्या नाटक मंडळ्यांसारखंच की हो सगळं!

त्या अपघाताच्या गोष्टीवर मी अडले. आईला लागलेला मार पुढच्या पिल्लांच्या स्वभावात कसा उतरेल? जर्मनीत ऑगस्ट वाइसमान नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात उंदरांच्या शेपट्या छाटून पाहिल्या. 68 पांढरे उंदीर, पाच पिढ्या, 901 पिल्लं. एकही बिनशेपटीचं जन्मलं नाही. आणि वेदना न होण्याचं तर साफ खोटं. रॅगडॉलला इतर मांजरांइतकंच दुखतं, ते फक्त सांगत नाही. हे जास्त वाईट, कारण मुलं समजतात की त्याला चालतंय. पण बेकरबाईंच्या गोष्टीवर लोकांनी विश्वास का ठेवला हे मला समजू शकतं. अभिमन्यूनं चक्रव्यूह पोटात असताना ऐकला यावर आपण सगळे वाढलो. गरोदर बाईनं काय बघावं, काय बघू नये हे माझ्या सासूबाई शेजारणींनाही सांगत असत.

खरं कारण साधं असावं. जोसेफिन अपघातानंतर माणसांच्या हाताखाली राहिली, तिची नंतरची पिल्लं जन्मापासून माणसांत वाढली, आणि बाईंनी त्यातली सगळ्यात मऊ तेवढी निवडली. म्हणजे बाईंच्या गोष्टी काही का असेनात, काम त्यांनी वेगळं केलं होतं. रूपाबरोबर स्वभावालाही गुण देणाऱ्या थोड्या लोकांत त्यांची गणना करायला हवी. पण थोड्याच मांजरांची आपापसांत पैदास केली की रोगही त्याबरोबर येतात. रॅगडॉलमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकाराचं एक जनुक 2007 साली सापडलं. पैसे देऊन घ्यायचंच असेल तर पिल्लाच्या आईबापांची ती तपासणी झाली आहे का, हे विचारलंच पाहिजे.

मग शांत मांजर ओळखायचं कसं? इथे इतिहास संपतो आणि विज्ञान सुरू होतं, आणि माझं विज्ञान आठवीपर्यंतचं. तरी सांगते. अमेरिकेत आयलीन कार्श नावाच्या बाईंनी 1980 च्या दशकात दाखवलं की पिल्लाच्या आयुष्यातले दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे. त्या काळात ज्याला माणसांनी रोज प्रेमानं हाताळलं ते जन्मभर माणसाला धरून राहतं. नंतर कितीही दूध पाजा, तितकं जमत नाही. 1995 साली सँड्रा मॅकक्यून यांचा अभ्यास आला. त्यात बापाचा स्वभाव पिल्लांत उतरतो असं दिसलं. बोका तर पिल्लांच्या जवळपासही फिरकत नाही, म्हणजे हे शिकवण्यातून आलेलं नाही, रक्तातूनच. फिनलंडमध्ये 2019 मध्ये साडेपाच हजारांवर मांजरांची माहिती जमवून अभ्यास झाला. स्वभावातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक निघाला आणि जातीजातींत फरकही दिसला. ज्या ब्रिटिश शॉर्टहेअरला सगळे शांत म्हणून वाखाणतात ते माणसाजवळ यायला सर्वांत कमी उत्सुक निघालं! म्हणजे शांत हा एक गुण नाहीच. एक मांजर अंगावर घेतलं तरी काही म्हणत नाही, आणि दुसरं मुळात अंगावर येतच नाही. सूनबाईला पहिलं हवंय. दुसरं आणून ठेवलं तर मोठी नात आणि मांजर दोघं दोन कोपऱ्यांत बसतील.

आणि मुलांकडेही बघायला हवं ना. स्वित्झर्लंडमध्ये डेनिस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं आणि अनोळखी मांजरं यांची पहिली भेट टिपली. मोठी माणसं बसल्या जागेवरून मांजराशी बोलतात, त्याला येऊ देतात. मुलं उठतात आणि थेट त्याच्याकडे जातात. आणि मांजराचा नियम असा की त्यानं सुरुवात केली तर भेट रंगते, आपण केली तर ते लवकर आटोपतं घेतं. चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस वर्षं काढल्यावर मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. जो मुलगा बोलत नाही त्याच्या बाकाशी जाऊन उभं राहिलं तर तो आणखी मिटतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

बंगालात षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे. षष्ठी म्हणजे मुलांना राखणारी, आपली सटवाईच म्हणा. तिच्या व्रताची कहाणी अशी की एका घरातली धाकटी सून चोरून खायची आणि आळ घरातल्या मांजरीवर घालायची. मांजरीनं देवीकडे गाऱ्हाणं घातलं. मग त्या सुनेला मूल झालं की मांजरी ते उचलून देवीकडे नेऊन ठेवायची. सुनेनं चूक कबूल केली तेव्हा मुलं परत मिळाली. ही कहाणी वाचली आणि टॅब बंद करून ठेवला.

1987 साली आम्ही कराडला होतो. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. त्यानं एक मांजर आणलं होतं, अंगावर भुरे पट्टे, नाव अर्थातच मनी. त्याच्या पांघरुणात झोपायची. एके दिवशी तिनं मुलीच्या गालावर ओरखडा काढला, डोळ्याच्या खाली बोटभर. मुलगी तिची शेपटी धरून ओढत होती हे मी स्वतः पाहिलं होतं. तरी त्या रात्री मीच ठरवलं. मांजर पाणी ओलांडून परत येत नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत असताना तिला पोत्यात घातलं, ह्यांनी सायकलवरून कृष्णेच्या पुलापलीकडे नेऊन सोडलं. मुलाला सांगितलं, ती तिच्या आईकडे गेली. तो बरेच दिवस मागच्या दारात वाटीत दूध ठेवायचा. ते दूध दुसरी मांजरं प्यायची. मग त्यानं ठेवणं बंद केलं, आणि पुन्हा कधी मांजराचं नाव काढलं नाही. ह्या फोनपर्यंत.

तर परवा फोनवर हे सगळं, पर्शियनचं नाक आणि फिनलंडची मांजरं, सांगून झाल्यावर मी म्हटलं, "मनी तिच्या आईकडे गेली नव्हती रे."

तो म्हणाला, "माहीत आहे. ते पोतं तू न्हाणीघराच्या मागे टाकलं होतंस. त्याला केस चिकटलेले होते."

अडतीस वर्षं. मी डोळे मिटून दूध पीत होते आणि हा पाहत होता. मला पुढे बोलता येईना. तोच म्हणाला, "बरं, मग काय ठरलं? रॅगडॉल की पर्शियन?"

मी म्हटलं, दोन्ही नको. पिल्लूच नको. पिल्लाचा स्वभाव पुढे काय होईल ते त्याच्या आईबापांवर आणि पहिल्या आठवड्यांवर, आणि दुकानदाराला दोन्हींतलं काही ठाऊक नसतं. त्यापेक्षा दोनतीन वर्षांचं मोठं मांजर बघ, मुलाबाळांच्या घरात वाढलेलं. त्याचा जो स्वभाव व्हायचा तो होऊन गेलेला असतो, समोर बसून बघता येतो. जातीचं असलं तर असो, नसलं तर नसो. बघायला गेलात की त्याच्यामागे जाऊ नका. जमिनीवर बसा, गप्पा मारा, आणि ते येतं का बघा. घरी आणलं की मुलींच्या हाताला येणार नाही अशी एक उंच जागा त्याला द्या. जेवताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही, हा नियम धाकटीला पाठ करून घ्या. आणि ओरबाडलं, तर आधी शेपटी कुणी ओढली ते विचारा.

सुनेच्या ओळखीच्या एक बाई परदेशी चालल्या आहेत. त्यांच्याकडे तीन वर्षांची एक मांजरी आहे, रस्त्यावरून उचलून आणलेली, त्यांच्या दोन मुलांत वाढलेली. भुरे पट्टे आहेत म्हणे. रविवारी बघायला जायचं आहे, मलाही चल म्हणालेत. मोठ्या नातीनं नाव ठरवून ठेवलंय, पण मांजर आधी जवळ आलं तरच सांगणार आहे.